तांडेल गप ऱ्हवलो की...

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीला बंदी. मालवणात होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, बाहेर धो धो पाऊस, लाइट कधी जाईल नेम नाही, अशात यंदा मी 'मोबी डिक' एकदाची पूर्ण वाचली. १८५१ ची, व्हेलच्या शिकारीला निघालेल्या जहाजाची कादंबरी, १३५ प्रकरणं. दोर, चरबी, हाडं यांच्यावरच पानंच्या पानं आहेत पण किनाऱ्यावर वाढलेल्याला ती जड जात नाहीत.

मला खरं धरून ठेवलं ते कॅप्टन एहॅबनं, आणि तेही तो दिसायच्या आधीच. जहाज नॅन्टकेटहून नाताळला निघतं तरी हा केबिनमधून बाहेर येत नाही, २८ व्या प्रकरणात डेकवर दिसतो, एक पाय व्हेलच्या जबड्याच्या हाडाचा. तोवर जहाजाचा एक मालक त्याच्याबद्दल काय काय सांगतो, धक्क्यावर भेटलेला एक फाटका माणूस भलतंच काहीतरी सुचवून जातो, आणि गोष्ट सांगणारा इश्माएल त्याला न बघताच त्याला घाबरायला लागलेला असतो.

आमच्याकडे आईचे मामा तांडेल होते, म्हणजे होडीचे प्रमुख. होडीवर चढले की बोलणं बंद. खलाशी म्हणायचे, "तांडेल गप ऱ्हवलो की समजाचा, मासो गावतलो." दुसरा सांगायचा त्यांना पाण्याचा रंग वाचता येतो, तिसरा म्हणायचा देवीचा कौल आहे. प्रत्येकाचा तांडेल वेगळा, पण त्यांनी नुसता हात वर केला की सगळे एकदम जाळ्याला भिडणार.

ज्या पांढऱ्या व्हेलनं पाय तोडला तो ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याच्यासाठी एहॅब सोन्याचं नाणं डोलकाठीला ठोकतो. पुढे ९९ व्या प्रकरणात एकेक जण त्या नाण्यासमोर येऊन उभा राहतो, कुणाला त्यात देव दिसतो, कुणाला राशीचक्र, आणि फ्लास्क नावाचा अधिकारी सरळ हिशोब करतो की सोळा डॉलर म्हणजे ९६० चिरूट. मला वाटतं ते नाणं म्हणजे एहॅबच आहे. गूढ माणूस स्वतःबद्दल फार सांगत नाही म्हणून बाकीचे आपापली भीती, आपापली हाव त्याच्यात भरतात आणि मग तिच्याच मागे जातात. १९३८ च्या 'रेबेका' कादंबरीत तर रेबेका ही पहिली बायको गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेलेली आहे, तरी अख्खं घर तिच्या हुकमात, आणि नवी बायको इतकी पुसली जाते की तिचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही.

पण 'मोबी डिक'मध्ये सगळ्यात जास्त छळलं ते स्टारबकनं, एहॅबच्या हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्यानं. हा एकटाच एहॅबला तोंडावर अडवतो, त्याला घरी बायको-मुलगा आहे, एका रात्री झोपलेल्या कॅप्टनच्या दाराशी हातात बंदूक धरून उभा राहतो, गोळी झाडली तर सगळ्यांचा जीव वाचेल हे त्याला माहीत असतं, आणि बंदूक जागेवर ठेवून देतो. तिथे मी पुस्तक मिटलं, त्या रात्री पुढे वाचवलंच नाही. शेवटी त्या जहाजावरचा एकटा इश्माएल उरतो.

दुसऱ्या दिवशी मामीआजीकडे गेलो, मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. विचारलं, ते होडीवर बोलायचे का नाहीत? ती कोकमं निवडत होती, वर न बघता म्हणाली, "बोलतले कसे? ते माणसां मोजीत असत. येताना तितकीच व्हयी म्हणान."