ओटीपी जातो सायबरवाल्या भाऊंना

प्रवेश पक्का झाला की विद्यार्थ्याला पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, मिळतो आणि पुढचं सगळं त्या एका लॉगिनवर चालतं: विद्यापीठाचा ईमेल, मूडल या अभ्यासाच्या साइटवरच्या नोट्स, वसतिगृहाचं वायफाय, परीक्षेचा फॉर्म. हे लॉगिन सुरू करण्यासाठी ओटीपी येतो, तो प्रवेश अर्जात दिलेल्या मोबाइलवर. मी आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मदत कक्षाच्या खिडकीवर बसते. ऑगस्टमध्ये रांग जिन्यापर्यंत जाते, पण बहुतेक कामं दोन मिनिटांत आटोपणारी असतात. वायफायचंच घ्या. वसतिगृहासाठी फोनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर फोन ओळखण्याचा पत्ता, नोंदवावा लागतो. मुलं सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली दिसतो तो पत्ता लिहून देतात. पण अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला खरा पत्ता न दाखवता स्वतःच तयार केलेला दाखवतो. मग नेट चालत नाही. त्या नेटवर्कच्या प्रायव्हसीत जाऊन फोनचा मूळ मॅक निवडला की काम झालं.

त्या दिवशी दुपारी खिडकीशी आलेल्या मुलीचं काम मात्र तसं नव्हतं. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, घर धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर. ती म्हणाली, "मॅडम, माझा ओटीपी दुसऱ्यालाच जातो."

खातं उघडून पाहिलं तर ते लॉक झालेलं. चुकीचा ओटीपी पुन्हा पुन्हा टाकला की ते आपोआप बंद होतं. "हा नंबर कुणाचा गं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सायबरवाल्या भाऊंचा. फॉर्म त्यांनीच भरला." घरात फोन एकच, तो मोठ्या भावाजवळ, आणि भाऊ कामाला सुरतेला.

तोच नंबर मी नोंदींमध्ये शोधला. स्क्रीन भरून नावं आली. कुणी बी.ए., कुणी बी.कॉम., सगळे त्याच भागातले. बऱ्याच जणांचा ईमेलही एकच, त्याच दुकानाचा.

मी त्या भाऊंना फोन लावला. माणूस चांगला होता. म्हणाले, "मॅडम, पोरांकडे मोबाइल नव्हते. ओटीपीशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि तारीख संपत आलेली. मग माझाच टाकला. आता सकाळपासून मेसेजवर मेसेज येताहेत. कुणाचा कोणता, मला काय कळणार? त्यात नाव कुठं असतं?" खरंच होतं. आमच्या मेसेजात सहा आकडे आणि विद्यापीठाचं नाव, एवढंच. तीन-चार मुलांनी एकाच वेळी प्रयत्न केला होता आणि हिला मिळालेला आकडा दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

शेजारचे सहकारी म्हणाले, भाऊंना फोनवरच धरू, एकेक मुलाचा ओटीपी मागवून घेऊ, तासाभरात सगळे मोकळे होतील. मी नको म्हटलं. स्वागत कार्यक्रमात आम्हीच मुलांना बजावतो, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि तासाभरात खाती सुरू झाली असती, तरी त्यांच्या किल्ल्या भाऊंच्याच खिशात राहिल्या असत्या. भाऊ प्रामाणिक आहेत, पण उद्या त्यांनी सिम बंद केलं तर? बंद पडलेला नंबर ९० दिवस उलटले की कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. मग पासवर्ड बदलायला आणि परीक्षेचा फॉर्म भरायला ही मुलं कुणाकडे जाणार?

उपकुलसचिवांकडे गेले, यादी दाखवली. त्यांनी लेखी परवानगी दिली: विद्यार्थी स्वतः समोर हवा, प्रवेशाची पावती आणि आधार कार्ड पाहायचं, अर्जावरचा फोटो चेहऱ्याशी पडताळायचा, अर्जावर विभागप्रमुखांची सही घ्यायची, मग जुना नंबर काढायचा.

काढायचा खरा, पण त्या जागी घालायचा कुठला? तिच्याकडे फोनच नव्हता. शेवटी छापील कोड आठवले. मोबाइलऐवजी दहा कोड कागदावर छापून द्यायचे, प्रत्येक कोड एकदाच चालतो, अशी सोय आमच्या यंत्रणेत आहे. आजवर ती कुणी मागितली नव्हती. प्रिंट काढून तिच्या हातात दिली. तिने तो कागद नीट घडी घालून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला, दाखला आणि जातप्रमाणपत्राच्या मध्ये.

मग लॅबमधल्या मशीनवर तिने पहिला कोड टाकला. पासवर्ड ठेवताना मी तोंड दुसरीकडे फिरवलं. मूडल उघडलं तर रसायनशास्त्राची पहिली असाइनमेंट समोर, आणि मुदत त्याच रात्री बारापर्यंतची. तिने जर्नलमध्ये हाताने सगळं लिहून ठेवलं होतं, कुणाच्या तरी फोनवर प्रश्न पाहून. पानं स्कॅन केली, एक पीडीएफ केली, तिने स्वतः सबमिट दाबलं. हिरवी खूण आली तेव्हा सात वाजले होते.

तरी गाठ पुरती सुटली नव्हती. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक, डिजिलॉकरमधून काढायचा, आणि त्यालाही आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. ती म्हणाली, शिष्यवृत्ती आली की फोन घेईन. पण शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी अर्जालाही आधारची पडताळणी आलीच. बोटाच्या ठशाने ती होते, ओटीपीवाचून अडत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आधारला नंबर जोडायलाही कागदपत्रं लागत नाहीत, नुसता ठसा पुरतो, आणि पोस्टमनकडूनही ते होतं. हे सगळं मी तिला लिहून दिलं, आणि यादीतल्या बाकीच्या मुलांसाठी विभागांच्या फलकांवरही लावायला पाठवलं.

मुलं संगणकाला घाबरतात, असं आमच्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ही मुलगी एकदा आत शिरल्यावर कुठेही अडली नाही. अडवलं ते प्रत्येकाकडे स्वतःचा फोन असणारच, असं धरून बनवलेल्या फॉर्मने.

यंदाच्या अर्जात मोबाइलच्या रकान्याखाली एक नवा प्रश्न आला आहे: हा क्रमांक कोणाचा? स्वतःचा, पालकांचा की इतर? 'इतर' लिहिणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात आम्ही आमच्याकडे बोलावून घेतो. ओटीपीच्या मेसेजात पीआरएनचे शेवटचे चार आकडे यावेत, ही मागणी मी लेखी दिली आहे. ती अजून मंजूर व्हायची आहे.