वजन तीनच किलो उतरलं, मग एवढा फरक कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नात्यातलं लग्न असो की सोसायटीची मीटिंग, प्रश्न ठरलेला: "केवढी बारीक झालीस! किती किलो उतरवलंस?" तीन म्हटलं की कुणाला पटत नाही. पण दहा महिन्यांत मी 69 वरून 66 वर आले, आणि कंबर 37 इंचांवरून 33 वर.

हा हिशोब आधी कळला तो माझ्या टेलरताईंना. दिवाळीच्या आधी जुनं ब्लाउज घेऊन गेले, कमरेत दोन्ही बाजूंनी टीप मारून घ्यायला. त्यांनी ते घालून दाखवायला लावलं, बाही चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, इथे तर उसवावं लागेल. दंड भरलेत तुमचे." कमरेत आत, दंडात बाहेर. चरबी गेली, स्नायू आले. काट्यावर फक्त दोन्हींची वजाबाकी दिसली.

त्याआधी एकदा मी सूप आणि काकडीवर तीन महिन्यांत आठ किलो उतरवले होते. तेव्हा जिना चढताना पाय थरथरायचे. पोटाला मारलं आणि स्नायूंना काम दिलं नाही, की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते आठही किलो वर्षभरात परत आले.

या वेळी जेवण थोडंच कमी केलं. संध्याकाळचं फरसाण बंद, चहातली साखर बंद, रात्रीचा भात अर्धा. रोजच्या गरजेपेक्षा साधारण तीनशे कॅलरी कमी. वाढवलं ते प्रोटीन. नियमित वजनं उचलणाऱ्याला स्वतःच्या शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅम पुरतं, म्हणजे मला सुमारे 105. आपल्या पोहे-पोळी-वरणभातात ते होत नाही. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम निघतं! म्हणून सकाळी तीन अंडी (18 ग्रॅम), दुपारी मटकीची घट्ट उसळ आणि दही, संध्याकाळी 100 ग्रॅम पनीर (आणखी 18), रात्री भाजीत 40 ग्रॅम कोरड्या सोयावड्या भिजवून (20). पोळ्या, दूध, दाणे धरून नव्वदच्या पुढे जाते, आणि तेवढ्यावर माझं भागतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

"चरबी जाणं आणि स्नायू येणं, दोन्ही एकदम होतं का?" हेही विचारतात. होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2016 साली चाळीस तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा खूपच कमी जेवण आणि कडक व्यायाम दिला. किलोमागे 2.4 ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्यांची चरबी सरासरी 4.8 किलो घटली, आणि चरबीविरहित वजन 1.2 किलोने वाढलं. 1.2 ग्रॅम घेणाऱ्यांचं ते जवळजवळ जागच्या जागी राहिलं. माझ्यासारख्या नवशिक्याला, अंगावर साठा असलेल्याला, हे सोपं जातं. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्या सडपातळ माणसाला फार अवघड.

व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं), खांद्यांसाठी प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणं). सुरुवात वीस किलोच्या रिकाम्या रॉडने केली. प्रत्येक वेळचं वजन वहीत लिहिते; ठरलेले सेट नीट जमले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवते. स्नायूला कारण लागतं, नुसत्या पनीरने तो वाढत नाही. आणि सात तास झोप, त्यात मी तडजोड करत नाही.

परवा भरलेला सिलिंडर आला, जवळपास तीस किलोचा. सासूबाई "अगं, त्याला येऊ दे" म्हणेपर्यंत मी तो दारातून उचलून ओट्याखाली ठेवला होता.