हाफ, फुल, झिरो

परवा कराडवरून पाटणला निघालो होतो, लालपरी खच्चून भरलेली, आम्ही पाच जण. कंडक्टर ताई मशीन घेऊन आल्या, एकेकाकडं बघत पटापटा बटणं दाबली. बायको हाफ (मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना हाफ आहे), आई हाफ, नाना झिरो, मांडीवरचा पुतण्या चार वर्षांचा म्हणून त्याचं काहीच नाही. "आणि तुमचं फुल." म्हणजे आख्ख्या खानदानात पूर्ण पैसे भरणारा मी एकटा! पत्रिकेबित्रिकेत काय नसतं हो, माणूस आयुष्यात नेमका कुठं पोचलाय ते एसटीच्या मशीनला बरोबर कळतं.

लहानपणी पाच ते बारा हाफ. तेव्हा ती रंगीत तिकिटांची पेटी असायची आणि पंचची टिकटिक मागच्या सीटपर्यंत ऐकू यायची. मला तेरावं लागलं तरी आई कानात सांगायची, विचारलं तर अकरा म्हण. मी म्हणायचो पण, पण आवाज फुटलेला, त्यामुळं ते अकरा असं काही घोगरं निघायचं की कंडक्टर हसायचा आणि फुल फाडायचा. आई दिवसभर धुसफुसायची आणि मी मात्र ते तिकीट खिशात जपून ठेवायचो. कारण हाफवाल्याला कुणीही उठवायचं, "बाळा, सरक जरा". फुलवाल्याला अहो म्हणतात असं आपलं मला वाटायचं. मग कॉलेजात पास, पायरीवर लोंबकळणं, ते सोडा.

खरी मजा नानांची. त्यांच्या वेळी जन्मतारीख कोण लिहून ठेवतंय, डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, घाला शाळेत. नाना चांगले आठ वर्षांचे होते म्हणे, पण गुरुजींनी सहाच धरले आणि तारीख टाकली 1 जून. त्या पिढीतले निम्मे लोक 1 जूनलाच जन्मलेत! (एसटीची पहिली गाडी पण 1 जूनचीच, 1948, पुणे ते अहमदनगर. नाना कागदावर तिच्यापेक्षा बरोब्बर एका वर्षानं धाकटे.) त्या दोन वर्षांमुळं नानांना नोकरी दोन वर्षं जास्त मिळाली, तेव्हा गुरुजी म्हणजे देवमाणूस. पण ऑगस्ट 2022 ला पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट झाली आणि नाना खरे पंचाहत्तर असून आधारवर त्र्याहत्तर. झालं, पुढची दोन वर्षं प्रत्येक हाफ तिकिटाला गुरुजींचा उद्धार. 1 जून 2024 ला सकाळी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून नुसतेच कराडला जाऊन आले, काम काहीच नव्हतं.

तर परवा पुतण्यानं भोकाड पसरलं, सगळ्यांना तिकीट, मला का नाही. नानांनी आपलं झिरोचं तिकीट त्याच्या मुठीत दिलं. "घे, तुझं नि माझं एकच." मल्हारपेठ यायच्या आत दोघंही झोपले, पोराचं डोकं नानांच्या मांडीवर आणि पाय माझ्या सीटवर. मी फुल तिकीट हातात धरून पाटणपर्यंत उभा.