जुनी गाडी, खंबाटकी, पाटण आणि कुंभार्ली

पुण्याहून गुहागरला जायचं तर ताम्हिणी आहे, वरंधा आहे, पण आमची गाडी घेऊन जायचं असेल तर मी सातारा-उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाट हाच रस्ता धरते. लांब पडतो, पडू दे. या रस्त्याला थोड्या थोड्या अंतरावर गाव आहे, चहाची टपरी आहे, पाणी आहे, आणि मुख्य म्हणजे पाना हातात धरणारं कोणीतरी आहे. ज्यांच्याकडे कधीही बंद पडणारी गाडी आहे त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांना वाटतं रस्ता म्हणजे किलोमीटर.

गाडी बाबांची, १९८९ सालची, कार्बोरेटरवाली, पॉइंटवर चालणारी, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं असलेली. १५ वर्षं झाल्यावर पासिंग करून घ्यावं लागतं आणि मग दर ५ वर्षांनी परत आरटीओच्या चकरा, त्या सगळ्या आम्ही मारल्यात, कारण ही गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. कधी सेल्फ घेत नाही, कधी क्लचची वायर तुटते, पावसात डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याच्या, टोपीत ओल गेली की मिसिंग मारायला, मध्येच ठिणगी चुकवायला लागते आणि मग भर ट्रॅफिकमध्ये टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसत बसायचं. तरी मला ती आवडते, मनापासून आवडते. बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं, हात घालता येतो. बाबांचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत म्हणून चालवते मी, ते शेजारी बसून आवाज ऐकतात.

यावेळी एप्रिलमध्ये निघालो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढूनच जावं लागलं, जुना बोगदा येणाऱ्यांसाठी. तर त्या चढाला पुढे ट्रकांची रांग, आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ऊन डोक्यावर, आणि गाडी गचके द्यायला लागली. बाबा म्हणाले, "पेट्रोल ओढत नाहीये गं, कडेला घे." घेतली आणि बंदच पडली.

हे आमचं नेहमीचं दुखणं. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटवलेला असतो, त्यामुळे हळू वेगात वारा लागत नाही तेव्हा इंजिनाबरोबर पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडीत काहीच मोडलेलं नसतं तरी ती हलत नाही. उपाय एकच, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकायचं, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि वाट बघायची. रेडिएटरच्या झाकणाला मात्र गरम असताना अजिबात हात लावायचा नाही, आत दाबाखाली पाणी असतं, ते शंभर डिग्रीच्या वर गेलेलं असलं तरी उकळत नाही पण झाकण फिरवलं की एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. कृपा करून हे लक्षात ठेवा, मी एका माणसाचा भाजलेला हात बघितलेला आहे. एक ट्रकवाले काका न सांगता थांबले, कॅन पुढे केला, म्हणाले "पाणी ठेवा ताई, मला वर मिळतंय."

पुढे सातारा नीट गेलं, उंब्रजला हायवे सोडला, मल्हारपेठ गेलं आणि पाटणच्या अलीकडे दुसरंच सुरू झालं, सायलेन्सरमधून फटाके. हे पेट्रोलचं नाही, करंटचं. पाटणला विचारत विचारत गेलो तर तीन गॅरेजवाल्या पोरांनी बघितलं आणि सरळ सांगितलं की पॉइंटची गाडी आम्ही खोललीच नाही कधी, आणि त्यातल्याच एकाने स्कूटरवर पुढे होऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या घरी नेलं. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, बघितलं आणि म्हणाले, "पॉइंट जळल्यात ताई, अन् कंडेनसर बी गेलाय. नुसतं घासून दिलं तर चिपळूणपातूर पन जानार न्हाई." कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा, गेला की पॉइंट उघडताना ठिणगी पडते आणि टोकं जळत जातात, म्हणून दोन्ही बरोबरच बदलायला लागतात. पत्र्याच्या डब्यातून त्यांनी जुना पण चांगला सेट काढला, पॉलिश पेपर मारला, गॅप लावला, तो गॅप अर्धा मिलीमीटरसुद्धा नसतो आणि त्यांनी तो मापाची पट्टी न लावता नजरेने धरला, मग पट्टीने तपासून मला दाखवला. बाबा मान डोलवत होते. हा हात त्यांच्यानंतर पाटणात कोणाकडे असेल असं मला वाटत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पैसे घेतले ते इतके कमी की आम्हालाच लाज वाटली.

कोयनानगरनंतर कुंभार्ली उतरायला लागलो. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची नाही, दुसऱ्यात ठेवायची, इंजिनानेच अडवायची, नाहीतर ब्रेक तापून पाय नुसता खाली जातो. खाली पोफळीला, कोयनेच्या वीजघराच्या गावी, थांबलो. कोयना खरी पूर्वेची नदी, हेळवाकला वळून कराडला कृष्णेत जाते, पण धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला आणून त्यावर वीज करतात आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. बाबांना हे दर वेळी सांगायला आवडतं, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापर्यंत सगळं, आणि मला ऐकायला.

गुहागरबद्दल काय सांगू, व्याडेश्वर, सुरूचं बन, लांबच लांब किनारा, खानावळीतलं उकडीच्या मोदकाचं जेवण. गाडी नारळाखाली उभी होती, सुखात.

खरी परीक्षा परतीला, कारण आता कुंभार्ली चढायचा. म्हणून अंधारात निघालो, पोफळी फटफटायच्या आत गाठली, हवा गार असताना. बाबांनी हौसेने बसवलेला हीटर मी पूर्ण चालू केला, कारण इंजिनातली उष्णता तेवढी आत येते आणि रेडिएटरवरचा भार कमी होतो. काचा खाली, बाबा टोपी घालून, पायाला भट्टी. दुसरा गिअर, मध्ये कुठेही न थांबता, एका लयीत. काटा लालच्या जवळ गेला, तिथेच राहिला, आणि वर आलो! बाबांनी डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली आणि खिडकीबाहेर बघत बसले. कोयनानगरला मिसळ खाल्ली, पाटणला मिस्त्रींना गुहागरच्या सुपाऱ्या आणि कोकम दिलं.

आता पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलायला टाकलाय, कारण २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. पावसाळ्याआधी वायपरची मोटर बघायची आहे. मिस्त्रींनी पॉइंटचे आणखी दोन सेट बाजूला ठेवतो म्हणून सांगितलंय, ते आणायला जूनच्या आधी पाटणला एक चक्कर, आणि दिवाळीनंतर आंबोली.