उणे वीसमध्ये ठेवलेल्या सहा ट्यूबा

व्हायरससारख्या पोकळ कणांच्या सहा ट्यूबा होत्या, चार वाया गेल्या आणि दोन अजून फ्रीजरमध्ये आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरत नाहीये म्हणून लिहायला बसले.

मी जर्मनीत पोस्टडॉक करते, काम हंटाव्हायरसच्या वरच्या प्रथिनांवर. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचा तो लेप्टो का गं?" लेप्टो नाही, पण उंदीर बरोबर ओळखलास म्हटलं. उंदराच्या लेंड्या, वाळलेली लघवी झाडताना जी धूळ उडते ती नाकात जाते, तिथून हा लागतो. आम्ही वापरतो तो अँडीज हंटाव्हायरस, अर्जेंटिना-चिलीकडचा. हा माणसाकडून माणसाला पण जातो, २०१८-१९ मध्ये अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात ३४ जणांना झाला आणि ११ जण गेले. अर्थात जिवंत व्हायरस माझ्या हातात कधीच नसतो. त्याच्या जीनोमच्या तीन तुकड्यांपैकी मधला, एम, त्याचा जीन आम्ही पेशींना देतो. पेशी त्यावरून एक लांबच लांब प्रथिन बनवतात, ते बनता बनताच मधे कापलं जातं आणि दोन होतात, जीएन आणि जीसी. तेवढ्यावर पेशी कण बाहेर सोडायला लागतात, वरून हुबेहूब व्हायरस आणि आत काहीच नाही. त्यांना व्हीएलपी म्हणतात.

मला या दोघांचं नातं फार आवडतं. चार जीएन आणि चार जीसी मिळून एक चौकोनी खुंटी होते. जीएन मधे, जीसी कडेला, आणि शेजारशेजारच्या खुंट्यांचे जीसी एकमेकांना धरून असतात, त्यामुळे कणावर चौकड्यांची जाळी दिसते. खरं हत्यार जीसी. त्याच्या टोकाशी पाण्याला घाबरणारे लूप आहेत, ते समोरच्या पेशीच्या पडद्यात घुसतात. वेळ येईपर्यंत जीएन त्या लूपांवर हात ठेवून बसलेला असतो (हे सगळं २०२० मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने फार सुंदर दाखवलंय). व्हायरस पेशीच्या आतल्या पिशवीत गेला, तिथलं पीएच (जितकं कमी तितकं ॲसिड जास्त) साडेपाचच्या आसपास उतरलं, की जीएन बाजूला होतो, जीसी सुटतो, तीन-तीनच्या जुड्या होतात, दुमडतात आणि दोन पडदे एक होतात. चाप एकदाच उडतो, परत लावता येत नाही. समोर पडदा नसताना उडाला तर तो कण फुकट.

तर दीड महिना थांबून मला सोमवारचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळाला होता. शुक्रवारी कण गोळा केले. साखरेच्या पाण्याच्या थरातून दोन तास अल्ट्रासेंट्रिफ्यूज (ट्यूबा प्रचंड वेगाने गरगर फिरवणारं यंत्र), आणि तळाशी जे बसतं ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून ट्यूबच्या बाहेरच्या कडेला आधीच मार्करने ठिपका काढून ठेवायचा आणि नंतर त्या ठिपक्यावर श्रद्धा ठेवून पिपेट फिरवायची. नव्या पोरांना हे कोणी सांगत नाही. कण कशात विरघळवायचे? आमच्या प्रोटोकॉलच्या फाईलमध्ये लिहिलंय "बफरमध्ये". बफर म्हणजे पीएच जागेवर धरून ठेवणारं पाणी. कुठल्या बफरमध्ये ते लिहिणारा २ वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. हेपेस नावाचं बफर संपलं होतं, पीबीएस या फॉस्फेटवाल्या बफरची बाटली समोर होती, पीबीएस काय सगळेच वापरतात. उणे ऐंशीचा फ्रीजर बर्फ काढायला बंद होता म्हणून सहाही ट्यूबा उणे वीसमध्ये ठेवल्या आणि घरी गेले.

सोमवारी त्यातल्या दोन बर्फावर ठेवून हळूहळू वितळवल्या, अगदी जपून. स्क्रीनवर चौकड्यांची जाळी कुठेच नाही. कण एकमेकांना चिकटून घोस झालेले, कडा खरवडल्यासारख्या. मायक्रोस्कोप सांभाळणारे काका (रिटायरमेंटला आलेत, बोलतात कमी) म्हणाले, आधी साध्या स्टेनने बघून घे (स्टेन म्हणजे कण उठून दिसावेत म्हणून लावायचं द्रावण). घेतलं, तेच चित्र. शेजारच्या टेबलवरच्या हुशार पोराने लगेच निकाल दिला की स्टेनमधलं युरेनिल ॲसिटेट ॲसिडिक असतं, त्यानेच तुझे जीसी उडवले. मुद्दा चुकीचा नव्हता, त्याचं पीएच चारच्या आसपासच असतं. म्हणून पीएच सातचा टंगस्टनवाला स्टेन वापरून परत बघितलं. तरी घोसच. बॉस म्हणाला, "प्लाझ्मिड चेक कर." (प्लाझ्मिड म्हणजे पेशींना जीन ज्यातून देतो तो डीएनए.) बॉसचं प्रत्येक गोष्टीवर हेच औषध आहे. आठवडा घालवून चेक केला, प्लाझ्मिड ठीक.

मग बुधवारी संध्याकाळी तिसरी आणि चौथी ट्यूब काढली आणि ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) लावलं. न उडालेला जीसी ट्रिप्सिन खाऊन टाकतं, उडून जुडी झालेला खात नाही. ब्लॉटवर (कुठलं प्रथिन उरलंय ते पट्ट्याने दाखवणारी चाचणी) जीसीचा पट्टा जसाच्या तसा, ठसठशीत. म्हणजे कोणीतरी माझ्या कणांना ॲसिड पाजलं होतं आणि ते मी पाजलं नव्हतं.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, पीबीएस गोठव आणि बघ. पीबीएसमध्ये युनिव्हर्सल इंडिकेटर टाकला (पीएचप्रमाणे रंग बदलतो, ॲसिडमध्ये नारिंगी होतो), हिरवं पाणी, शेजारी तसंच हेपेस, दोन्ही उणे वीसमध्ये. तीन तासांनी हेपेस हिरवटच होतं आणि पीबीएसचा बर्फ नारिंगी. टेबलवर ठेवला तर वितळता वितळता परत हिरवा झाला. जेवायला जायचं होतं, मी तिथेच उभी राहून बघत बसले. गोठताना सोडियम फॉस्फेटच्या जोडीतलं एक मीठ आधी खड्यासारखं बाहेर पडतं, उरलेल्याचं पीएच दोन-तीन अंकांनी घसरतं, आणि खारं पाणी उणे वीसला पूर्ण गोठत नाही, तर माझे कण शनिवार-रविवार त्या ॲसिडच्या झिरपणीत बसून होते. जीसीला काय कळणार की ही पेशीतली पिशवी नाही, फ्रीजर आहे. पुस्तकात पानभर आहे हे, पण ते पान मी वाचलं नव्हतं, माझीच चूक. मग नवीन कण हेपेसमध्ये घेतले, लिक्विड नायट्रोजनमध्ये झटक्यात गोठवले, जाळी छान दिसली, बॉस खूश, पुढे चल म्हणाला.

पण मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या ना, बफर पण आणि गोठवायची पद्धत पण. बर्फाच्या खड्यांनीच कण फाडले असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे फक्त तो पट्टा आहे, आणि घोसात दडलेलं प्रथिन पण ट्रिप्सिनला सापडत नाही. शिवाय दुसरी शंका. इतक्या थंडीत एवढं मोठं प्रथिन हलेल तरी का? की फ्रीजरमध्ये ते नुसतं बसून होतं, आणि मी बर्फावर जपून वितळवताना, आतलं पाणी अजून ॲसिडिक पण थोडं गरम, त्या अर्ध्या तासात उडालं? तसं असेल तर नुकसान सोमवारी सकाळी झालं, माझ्या समोर.

पाचवी ट्यूब ३७ अंशाच्या पाण्यात झटकन वितळवून ट्रिप्सिन लावलं तर कळेल, पट्टा गेला तर दोष हळूहळू वितळवण्याचा. नाही कळलं तर सहावी आहे. बॉसने कालच ईमेल केलाय की उणे वीसचा ड्रॉवर शुक्रवारपर्यंत रिकामा करा. आज मंगळवार.