पोटाचे थर किती? आधी सांगा, कापताय कुठे

परीक्षा जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो, फायनल इयरवाल्यांकडून आणि नवीन लागलेल्या सर्जरी रेसिडेंट्सकडूनही, की सर, फर्स्ट इयरला पोटाच्या भिंतीचे सगळे थर घडाघडा म्हणायचो, पण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहिलं की त्यातलं अर्धं दिसतच नाही, मग लक्षात ठेवायचं कसं? तुम्ही इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मुळात ती नऊ थरांची यादी (स्किन, त्याखालचे कॅम्पर आणि स्कार्पा हे दोन थर, मग तीन मसल्स म्हणजे एक्स्टर्नल ऑब्लिक, इंटर्नल ऑब्लिक, ट्रान्सव्हर्सस, फॅशिया ट्रान्सव्हर्सॅलिस, त्यामागची चरबी आणि पेरिटोनियम म्हणजे पोटाचं आतलं पातळ अस्तर) ही पोटाच्या बाजूची आहे. तुम्ही ओटीत बघताय मिडलाइन लॅपरॉटॉमी, म्हणजे पोटाच्या मधोमध उभी चीर. तिथे हे तिन्ही मसल्स येतच नाहीत, त्यांचे अपोन्युरोसिस (मसलचे चपटे पांढरे पडदे) मध्ये येऊन एकमेकांत विणले जातात तो लिनिया अल्बा, पांढरा, रक्त जवळजवळ नाही, म्हणून तर इमर्जन्सीत सगळे तिथूनच शिरतात. त्यामुळे कोणी थर विचारले तर मनात आधी चीर कुठली ते ठरवा, मग मोजायला लागा. बेंबीच्या वर लिनिया अल्बा रुंद असतो, खाली अगदी चिंचोळा होतो, म्हणून खाली जरा इकडेतिकडे झालं की रेक्टसचा (मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या मसलचा) लाल भाग दिसतो आणि ज्युनिअर घाबरतो. घाबरू नका, परत मध्ये या. आणि खाली उतरायच्या आधी कॅथेटर घातलाय ना ते बघा, भरलेलं ब्लॅडर वर येतं.

आता मॅकबर्नी. चार्ल्स मॅकबर्नीने तो पॉइंट (अपेंडिक्स सुजलं की दाबल्यावर सगळ्यात जास्त दुखणारी जागा) 1889 मध्ये सांगितला आणि मसल न कापता फाकवायची पद्धत 1894 मध्ये. तीन मसल्स बघायचे असतील तर ओपन अपेंडिक्ससारखी जागा नाही. एक्स्टर्नलचे धागे खाली आणि आत जातात, पँटच्या खिशात हात घातल्यावर बोटं जातात तसे, इंटर्नलचे त्याला काटकोनात, ट्रान्सव्हर्ससचे जवळपास आडवेच. प्रत्येक थर आपल्या धाग्यांच्या दिशेने फाकवला की बंद करताना तो आपोआप एकमेकांवर बसतो. लॅप्रोस्कोपी आल्यापासून हे बघायला कमी मिळतं, मला त्याचं वाईट वाटतं, पण पेशंटला वाटत नसणार.

इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्ससच्या मधली फट मात्र विसरू नका, कारण टी 7 पासून एल 1 पर्यंतच्या नर्व्ह तिथून पुढे येतात. अ‍ॅनेस्थेशियावाले सोनोग्राफी लावून जो टॅप ब्लॉक (पोटाची भिंत बधिर करायचं इंजेक्शन) देतात तो याच फटीत. त्यांच्या स्क्रीनवर एकदा डोकवा, तीन काळे पट्टे आणि मध्ये पसरत जाणारं औषध, सगळं समोर दिसतं.

सगळ्यात जास्त गोंधळ रेक्टस शीथचा, म्हणजे रेक्टसभोवतीच्या अपोन्युरोसिसच्या वेष्टनाचा. बेंबी आणि प्युबिसच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) साधारण मध्यावर आर्क्युएट लाइन, तिच्या वर रेक्टसच्या पुढेही शीथ मागेही शीथ, खाली सगळी अपोन्युरोसिस पुढे निघून जातात आणि मागे फक्त फॅशिया ट्रान्सव्हर्सॅलिस उरतो. हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक आर्टरी साधारण इथेच शीथमध्ये शिरते, खोकून खोकून किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असताना ती फुटली तर खालच्या भागात मागे अडवायला काही नसतं आणि हिमॅटोमा (साचलेलं रक्त) मोठा होत जातो. लॅप्रोस्कोपीचे पोर्ट (नळ्या) घालताना रेक्टसच्या बाहेरच्या बाजूला राहा म्हणून सिनिअर ओरडतात ते हिच्यासाठीच.

पेरिटोनियमबद्दल सगळे विचारतात की इंट्रा (त्याच्या आतलं) कुठलं, रेट्रो (त्याच्या मागचं) कुठलं. किडन्या, पॅनक्रियाज (शेपूट सोडून), ड्युओडेनमचा बराचसा भाग, असेंडिंग आणि डिसेंडिंग कोलन, हे सगळे मागच्या भिंतीला पाठ टेकून झोपलेत आणि त्यांच्यावर पुढून गोधडी टाकलीये, बस. कोलन सोडवायचा तर गोधडीची कड जिथे भिंतीला टेकते, ती टोल्डची पांढरी रेघ, तिथे कात्री लावायची.

पण माझ्या मते पेरिटोनियम खरं समजतं ते दुखण्यावरून. आतड्यावरच्या पेरिटोनियमला ऑटोनॉमिक नर्व्ह आणि भिंतीवरच्याला त्याच सोमॅटिक नर्व्ह, ज्या वरच्या कातडीला जातात. म्हणून अपेंडिक्सचा पेशंट आधी बेंबीभोवती सगळीकडे हात फिरवून "इथं कुठंतरी दुखतंय" म्हणतो, कारण अपेंडिक्सचा निरोप टी 10 ला जातो, आणि सूज भिंतीच्या पेरिटोनियमपर्यंत पोचली की तोच पेशंट उजवीकडे खाली एका बोटाने जागा दाखवतो. त्याला "काका, जरा खोका बरं" म्हणा, चेहऱ्यावर कळेल, रिबाउंडसाठी (सोडल्यावर दुखतं का ते बघायला) पोट दाबून सोडायची गरजही पडत नाही. डायफ्रामखालचं मधलं पेरिटोनियम फ्रेनिक नर्व्हकडे, सी 3 ते 5, म्हणजे खांद्याच्या कातडीचा निरोप जातो तिथेच, त्यामुळे लॅप्रोस्कोपीनंतर नातेवाईक विचारतात की ऑपरेशन पोटाचं झालं मग खांदा का दुखतोय. पोट फुगवायला भरलेला गॅस.

बंद करताना पेरिटोनियम वेगळं शिवत नाहीत, ते आपलं आपण भरून येतं, ताकद सगळी लिनिया अल्बाच्या टाक्यात. जेन्किन्सने 1976 मध्ये सांगितलं की दोरा जखमेच्या निदान चौपट लागला पाहिजे. पुढे 2015 मधल्या नेदरलँड्सच्या स्टिच ट्रायलमध्ये 5 मिलिमीटरच्या छोट्या टाक्यांना वर्षभरात 13 टक्के हर्निया झाले, 1 सेंटिमीटरच्या मोठ्यांना 21 टक्के. तरी कंटाळा आला म्हणून मोठे टाके घेणारे आहेतच.

आणि आर्क्युएट लाइनच्या खाली मागे शीथ नसतो हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सर्जरीच्या ओटीत थांबू नका, गायनॅकच्या ओटीत सिझेरियनला उभे राहा. फॅनेनस्टीलमध्ये (ओटीपोटावरच्या आडव्या चिरेत) पुढचा शीथ आडवा कापतात, रेक्टस न कापता मधून बाजूला सारतात, आणि मग पातळ फॅशिया, थोडी चरबी आणि पेरिटोनियम. सिस्टरना आधी विचारून जा, आणि निर्जंतुक ट्रॉलीला अ‍ॅप्रन लावू नका.