फक्त झेडच्या फायली उरल्या

एका सर्व्हरवर साफसफाईची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) रोज रात्री बिनबोभाट चालायची. तात्पुरत्या फायलींची नावं स्मॉल अक्षरानं आणि जपायच्या फायलींची कॅपिटलनं सुरू करायची, असा तिथला संकेत होता. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये आरएम या फायली पुसणाऱ्या कमांडपुढे चौकटी कंसात स्मॉल ए ते स्मॉल झेड ही रेंज आणि तिच्यामागे स्टार, म्हणजे ‘यांपैकी एका अक्षरानं सुरू होणारं कुठलंही नाव’, एवढंच होतं. त्या दिवशी डिस्क भरत आली म्हणून एका सहकाऱ्यानं तीच स्क्रिप्ट टर्मिनलवरून हातानं चालवली आणि जपायच्या फायलीही उडाल्या. बॅकअप होता, त्यामुळे नुकसान भरून निघालं. पण स्क्रिप्टला कुणी हात लावलेला नसताना हे घडलं कसं, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

माझा पहिला संशय नोकेसग्लॉबवर होता. बॅश या शेलचा (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) हा पर्याय चालू असला की नावं जुळवताना लहान-मोठं अक्षर बघितलंच जात नाही. पण तो बंद होता. मग डिरेक्टरीत काय उरलंय ते पाहिलं, तर कॅपिटल झेडनं सुरू होणाऱ्या फायली जशाच्या तशा होत्या. एपासून वायपर्यंतच्या साऱ्या गेल्या आणि झेडच्या तेवढ्या वाचल्या, हा योगायोग नव्हे.

रिकाम्या डिरेक्टरीत स्मॉल ए, कॅपिटल ए, स्मॉल झेड, कॅपिटल झेड अशा चार फायली केल्या आणि आरएमऐवजी नावं नुसती छापणारी एको कमांड लावून तोच पॅटर्न दिला. कॅपिटल झेड सोडून तिन्ही नावं आली. लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरक्रम ठरवणारी सेटिंग, सी करून परत दिला, तर फक्त दोन स्मॉल नावं.

सी लोकेलमध्ये क्रम आस्कीचा, म्हणजे अक्षरांना दिलेल्या ठराविक क्रमांकांचा, असतो: कॅपिटल अक्षरं ६५ ते ९०, स्मॉल ९७ ते १२२, दोन्ही गट वेगळे. अमेरिकन इंग्रजीच्या लोकेलमध्ये मात्र शब्दकोशासारखा क्रम लागतो: स्मॉल ए, कॅपिटल ए, स्मॉल बी, कॅपिटल बी. या ओळीत स्मॉल ए ते स्मॉल झेड म्हटलं की मधली सगळी कॅपिटल अक्षरं आत येतात. कॅपिटल झेड तेवढं स्मॉल झेडच्या पुढे असल्यामुळे बाहेर राहतं. त्या सर्व्हरवर क्रॉनला लोकेल सांगणारं लँग व्हेरिएबल मिळतच नव्हतं, म्हणून रात्री सी लोकेल असायचं. लॉगिन केलेल्या माणसाला मात्र अमेरिकन इंग्रजीचं यूटीएफ-८ लोकेल मिळायचं.

बॅश ४.३ मध्ये रेंज आस्कीच्या क्रमानं लावणारा ग्लॉबआस्कीरेंजेस हा पर्याय आला आणि २०१९ च्या ५.० पासून तो मुळातच चालू असतो. इथलं बॅश जुनं होतं. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीचं पॉझिक्स मानकही सी लोकेलबाहेर रेंजचा अर्थ काय, हे ठरवून देत नाही. म्हणूनच फायली पुसणाऱ्या ओळीत अशी रेंज बघितली की मला आजही धडकी भरते.

दुरुस्ती म्हणून सहकाऱ्यानं आरएमच्याच ओळीत आधी लोकेल बदलणारं ‘एलसी ऑल बरोबर सी’ लिहिलं. एकोवर तपासलं, तर फरक शून्य. कारण स्टारचा विस्तार, म्हणजे जुळणाऱ्या नावांची यादी, शेल स्वतः करतं, तेही स्वतःच्या चालू लोकेलनं. ओळीतली ती नेमणूक फक्त पुढच्या कमांडला पोचते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ती स्वतंत्र ओळीत एक्सपोर्ट केली. रेंजऐवजी लोअर हा सगळ्या स्मॉल अक्षरांचा कॅरेक्टर क्लासही चालला असता, पण यूटीएफ-८ मध्ये त्यात स्वरचिन्हांकित अक्षरंही येतात. इथे नेमकी सव्वीस अक्षरं हवी होती.

मग बाकीच्या स्क्रिप्ट मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडनं चाळल्या. एकीत कॅपिटल ए ते कॅपिटल झेड सापडलं. तिथे तर स्मॉल बीपासून पुढची सगळी स्मॉल अक्षरं जुळली असती आणि स्मॉल ए तेवढं सुटलं असतं. तिच्याही माथ्यावर तीच ओळ घातली.